गुड्डू नावाचं कोहळं

सकाळी आठला मी शाळेत जायला बाहेर पडले, तर शेजारचे हनीफभाई अंगणात कोहळ्याची ढेकर काढत होते.

कोहळं म्हणजे आमच्याकडे लाल भोपळा. चांगलं गोल, तीन किलोचं. त्याच्या डोक्यावर पिवळ्या लोकरीचं टोपडं होतं, अंगाभोवती दुपटं होतं. हनीफभाईंनी ते खांद्याला लावलं होतं आणि भोपळ्याची पाठ जिथं असावी असं त्यांना वाटत होतं, तिथं ते हलक्या हातानं थोपटत होते.

"हनीफभाई, हे..."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला मॅडम. आत्ताच दूध पेला तो. ढेकर नाई आली तं सगळं बाहेर टाकते."

"कोण?"

"गुड्डू."

मी स्कूटी स्टँडवर लावली. शाळेला उशीर झाला तरी चालेल, पण हे समजून घेतल्याशिवाय पुढं जाणं शक्य नव्हतं.

हनीफभाईंना मंगरूळपीरमध्ये सगळे ओळखतात. बसस्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीतल्या, बोअरमधल्या जळालेल्या मोटरी तिथं येतात. हनीफभाई त्यातली काळी पडलेली तार उपसून काढतात आणि नवी तांब्याची तार भरतात. उंच, सडपातळ माणूस, कानावर पेन्सिल, बोटांना कायम वार्निशचा वास. माझं घर आणि त्यांचं घर यांच्यामध्ये एकच भिंत आहे आणि ती भिंत फारशी काही लपवत नाही.

त्यांचा एक शब्द आहे, ट्रायल. दिवसातून निदान चाळीस वेळा तरी हा शब्द त्यांच्या तोंडून येतो. दुकानातून एकही मोटर ते ट्रायलशिवाय देत नाहीत. शेतकरी घाईत असतो, हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं, ट्रॅक्टर सुरूच ठेवलेला असतो; हनीफभाई म्हणतात, "थांबा भाऊ. दोनशे फूट खाली सोडली अन् मंग कळलं का फिरून नाई राह्यली, तं काय करसान? चार मानसं लावून उपसा लागते. वरच पाहून घ्या." मग मोटर पाट्यावर ठेवून, तार जोडून, कान लावून ती फिरताना ऐकतात. आवाजात जरा जरी खरखर आली तरी चेहऱ्यावर असा आनंद पसरतो की काय सांगू! "फॉल्ट सापडला!" असं ओरडतात. दुसऱ्या कुणाला बिघाड सापडल्याचा इतका आनंद झालेला मी पाहिलेला नाही.

हे दुकानापुरतं असतं तर ठीक होतं. पण हनीफभाईंना एक मुलगी आहे, झोया. पावणेचार वर्षांची, केस कुरळे, आवाज मोठा. आणि हनीफभाईंच्या मते लेकरू मोटरीपेक्षा नाजूक, म्हणून त्याच्या आयुष्यात कुठलीही गोष्ट ट्रायलशिवाय होता कामा नये.

झोयाला अंगणवाडीत घालायचं ठरलं, तेव्हा आदल्या दिवशी रविवार होता. अंगणवाडीला कुलूप. हनीफभाई मुलीला घेऊन त्या बंद दाराच्या पायरीवर बसले. माझा वेदू झोयाच्याच वयाचा, तोही सोमवारपासून जाणार होता. "त्यालेबी द्या मॅडम, एका ट्रायलमंधी दोघं होतीन," म्हणून त्यालाही घेऊन गेले. मी मागून पाहायला गेले. हनीफभाई आधी सेविकाबाई झाले. बारीक आवाज काढून "नाव काय गं तुहं?" असं विचारलं. मग पुन्हा बाप झाले. "आता मी चाललो. येतो परत," म्हणाले आणि दहा पावलांवरच्या कडुनिंबापर्यंत जाऊन परत आले. दुसऱ्यांदा गल्लीच्या टोकापर्यंत. तिसऱ्यांदा कोपऱ्यावरून वळून दिसेनासे झाले, आणि मी मोजत होते, पूर्ण पाच मिनिटांनी परत आले. तोवर वेदू पायरीवरच झोपून गेला होता.

सोमवारी अंगणवाडीत एकच हलकल्लोळ! वीस पोरं, वीस आवाज. माझा वेदू त्यात सगळ्यांत पुढे. झोया मात्र कमरेवर हात ठेवून रडणाऱ्या पोरांमधून फिरत होती आणि एकेकाला सांगत होती, "रडू नोको रे. येतेत थे परत. म्या पाह्यलं हाय."

तेव्हापासून हनीफभाईंकडे पाहण्याची माझी नजर थोडी बदलली. थोडीच. कारण पुढच्या आठवड्यात त्यांनी अंगणात दोन विटा मांडून संडासाची ट्रायल सुरू केली. पहिल्या दिवशी झोयाची बाहुली बसली, दुसऱ्या दिवशी प्लास्टिकचा हत्ती, तिसऱ्या दिवशी वेदू, तोही विजार न काढता. चौथ्या दिवशी झोया स्वतः बसली आणि हनीफभाईंनी एवढ्या जोरात "शाब्बास!" म्हटलं, की ती घाबरून उठली आणि पुढचे तीन दिवस विटांकडे फिरकलीच नाही. "फॉल्ट माहा होता," हनीफभाई भिंतीवरून मला म्हणाले. "आवाज जास्त झाला."

आता कोहळ्याकडे येते.

हनीफभाईंच्या बायकोला, नसीमभाभींना, दुसऱ्यांदा दिवस गेले होते. सातवा महिना संपत आला तसे हनीफभाई अस्वस्थ झाले. बाळाची त्यांना चिंता नव्हती, झोयाची होती. "मॅडम, पावनेचार वर्सं एकटीनं राज्य केलं तिनं. एक दिवस अचानक कोनीतरी येईन अन् अम्मीच्या मांडीवर बसून राहीन. तिले झटका बसीन का नाई?" म्हणून ते बाजारात गेले आणि भाजीवाल्या मावशीकडून तीन किलोचं कोहळं निवडून आणलं. मावशी म्हणाली, कापून देते. हनीफभाई एकदम दचकले. "कापू नोको! जिवंत हाय थे."

अशी गुड्डूची ट्रायल सुरू झाली आणि आमच्या गल्लीत पुढचे कित्येक दिवस दुसरा विषय उरला नाही.

गुड्डूला झोपवण्यासाठी झोळी बांधली. गुड्डूला अंघोळ घातली. पलीकडच्या गल्लीत एका घरी नुकतंच बाळ झालं होतं. हनीफभाई तिथं जाऊन त्याचं रडणं मोबाइलमध्ये भरून घेऊन आले आणि ते दिवसातून कधीही वाजेल अशी सोय केली. ते रडणं वाजलं की घरातलं सगळं काम थांबवायचं, झोयाला "थांब बेटा, गुड्डूले पाहून येतो" असं म्हणायचं आणि कोहळं उचलायचं. मोबाइल अर्थातच दुकानातही सोबत जायचा. एकदा भर दुपारी, पाट्यावर एका शेतकऱ्याची मोटर असताना, खिशातून ट्यँहँ ट्यँहँ सुरू झालं. तो शेतकरी दोन पावलं मागं सरकला. "भाऊ," तो म्हणाला, "लेकरू मोटरीत हाय काय?"

माझ्या घरातही लागण झाली. वेदूनं बाळ मागितलं. मी त्याला दुधी दिला. दोन दिवस त्यानं तो दुधी पांघरुणात घेऊन सांभाळला, तिसऱ्या दिवशी त्याचं डोकं मोडलं. सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या दोन्ही घरांत मिळून एक शहाना मानूस नाई."

झोयाला पहिले चार दिवस गंमत वाटली. पाचव्या दिवशी तिनं विचारलं, "गुड्डू आपल्या घरी कधी जाईन?" सातव्या दिवशी तिचं आवडतं फुलाफुलांचं दुपटं गुड्डूच्या अंगावर दिसलं आणि तिनं ते ओढून घेतलं. नवव्या दिवशी विचारलं, "अम्मी, गुड्डूची भाजी कधी करतं?"

दहाव्या दिवशी गुड्डू गायब झाला.

मी शाळेतून आले तर हनीफभाई गल्लीत धावत होते. झोळी रिकामी, टोपडं जमिनीवर. नसीमभाभी दारात बसून पोट धरून हसत होत्या आणि हसताना दम लागत होता. झोया ओसरीवर शांतपणे पेरू खात होती.

"बेटा, गुड्डू कुठी गेला?"

"मावशीले देला."

भाजीची गाडी सकाळी दारावरून गेली होती. झोयानं ते कोहळं दोन्ही हातांनी कवटाळून गाडीपर्यंत नेलं आणि मावशीला सांगितलं, "घ्या. आमाले नाई पायजे." मावशीला वाटलं, घरच्यांनी परत पाठवलं असेल. तिनं ते कापलं आणि पाव-अर्धा किलो करून सगळ्या गल्लीला विकलं.

हनीफभाई घरोघर विचारत शेवटी आमच्याकडे आले. सासूबाई चुलीशी होत्या. कढईवर झाकण होतं, मेथ्यांच्या फोडणीचा वास सुटला होता. हनीफभाईंनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी कढईकडे पाहिलं. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, कारण माझ्यानं हसू आवरत नव्हतं.

"अर्धा किलो आमी घेतलं," सासूबाई म्हणाल्या. "मले काय माहीत बाप्पा!"

हनीफभाई खाटेवर बसले. मला वाटलं, आता या माणसाचं मन मोडलं. पण हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर तोच तो आनंद पसरायला लागला.

"फॉल्ट सापडला!" ते ताडकन उठले. "मॅडम, सापडला! आन् वरच सापडला! खरं लेकरू असतं अन् तिनं असं कोनाले देऊन टाकलं असतं तं?" ते येरझाऱ्या घालायला लागले. "पोरीत फॉल्ट नाई. वायरिंगमंधी हाय. घरातलं सगळं करंट म्या गुड्डूकडे वयवलं. झोयाची लाइन बंद पाडली म्या. ती बिचारी काय करीन?"

जाताना त्यांनी एक वाटी भाजी मागून नेली. झोयानं ती दोन पोळ्यांशी खाल्ली, असं नसीमभाभींनी मला नंतर सांगितलं.

दुसरं कोहळं त्यांनी आणलं नाही. त्याऐवजी रोज संध्याकाळी पाच ते साडेपाच 'झोयाचा टाइम' सुरू झाला. दुकानाचं शटर अर्धं खाली, झोया तारेच्या रिळावर बसलेली आणि हनीफभाई तिच्यासमोर जमिनीवर. मोबाइलमधलं ते रडणं वाजायचं, वाजू द्यायचे. बाहेर ट्रॉलीत मोटर घेऊन कुणी उभा असला तर आतून आवाज यायचा, "भाऊ, पंधरा मिनिटं थांबा. पोरीची लाइन चालू हाय." आणि लोक थांबायचे! कुरकुर करायचे, पण थांबायचे. आठवड्याभरात झोया स्वतःच म्हणायला लागली, "अब्बू, तो रडून राह्यला, पाहून ये. मंग माहा टाइम वाढवून दे."

हे सगळं मी हसत हसत सांगते आहे, पण त्या दिवसांत एकदा हनीफभाई माझ्यावर रागावले होते. तसा त्यांचा आवाज चढत नाही. रागावले म्हणजे बोलायचे थांबले.

झालं असं. माझा नवरा अकोल्याला नोकरीला, महिन्यातून एखाद्या शनिवारी येतो. वेदू माझ्याच अंगाला चिकटलेला. सकाळी मी शाळेत जायला निघाले की पायाला मिठी मारून असा आकांत करायचा, की मला शाळेत जाऊन मुलांना पाढे शिकवणं नको वाटायचं. म्हणून सासूबाईंनी एक उपाय काढला. अंगणवाडीच्या वेळेआधी त्या त्याला मागच्या अंगणात कोंबड्या दाखवायला न्यायच्या, आणि तेवढ्यात मी पुढच्या दारानं पळ काढायचे. स्कूटीचा आवाज त्याला कळायचा, म्हणून गाडी सुरू न करता मी ती गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत ढकलत न्यायचे. साडी, पर्स, डबा आणि ढकलणं! रोज.

एके दिवशी हनीफभाईंनी पाहिलं. मदतीला पाना घेऊन धावत आले. "काय झालं मॅडम, प्लग गेला काय?"

"शू! काही नाही झालं. वेदूला कळू नये म्हणून."

"म्हंजे त्याले सांगतलं नाई?"

"सांगितलं की रडतो."

हनीफभाई हातातल्या पान्याकडे बघत राहिले. "मंग तो कोंबड्या पाहून घरात येते, तं तुमी नसता," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले. आणि मागं वळून निघून गेले. नेहमीचा सलामही केला नाही. दोन दिवस भिंतीवरून काही बोलणं नाही. मला राग आला. माझं लेकरू, माझी शाळा, आणि हे कोण विचारणारे?

तिसऱ्या दिवशी ते दाराशी आले. "मॅडम, राग नोका मानू. एक डाव सांगून पाहा. पुढच्या दारानं जा, त्याच्या डोयात पाहून जा. येनार कधी थेही सांगा. रडीन तो. रडू द्या. ट्रायल समजा."

मी सांगून गेले. वेदूनं वीस मिनिटं गल्ली डोक्यावर घेतली. दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं. चौथ्या दिवशी त्यानं फक्त फाटकावर लाथा मारल्या. नवव्या दिवशी त्यानं माझ्याकडे न पाहता, गाडी-गाडी खेळता खेळता सांगितलं, "जा. येतानी केळं आन." मी कोपऱ्यापर्यंत गेले, गाडी थांबवली आणि आता माझंच डोळे पुसणं सुरू झालं. किती दिवसांनी मी ती गाडी घरासमोर निवांत सुरू केली होती!

नसीमभाभींचे दिवस भरत आले. आता शेवटची ट्रायल. दवाखान्यात जायची. तीन वेळा रिक्षा बोलावली, तीन वेळा भाभी पोट सांभाळत रिक्षात बसल्या, तीन वेळा झोया आपली पिशवी घेऊन आमच्या घरी आली. पिशवीत फ्रॉक, बाहुली, एक टॉर्च आणि टोस्टचा पुडा. रिक्षा चौकापर्यंत जाऊन परत यायची. रिक्षावाला म्हणायचा, "हनीफभाई, चौथ्या डावाले पोरगंच घेऊन येऊ."

चौथ्या वेळी शनिवार होता. सकाळची शाळा आटोपून मी घरी आले होते. दुपारी दोनच्या सुमारास भिंतीपलीकडून भाभींचा आवाज आला आणि तो आवाज ट्रायलचा नव्हता. मी धावले. भाभी खांबाला धरून उभ्या होत्या, घामानं भिजलेल्या. हनीफभाई नुसते आतबाहेर करत होते. तीनदा भरलेली दवाखान्याची पिशवी त्यांना दिसत नव्हती, चप्पल सापडत नव्हती. रिक्षा आली, भाभींना मी आणि सासूबाईंनी बसवलं.

आणि झोया आत झोपली होती. दुपारची गाढ झोप, तोंड उघडं, एक पाय भिंतीवर.

"झोपू द्या तिला," मी म्हटलं. "उठली की मी सांगते सगळं. तुम्ही निघा."

भाभी रिक्षातून म्हणाल्या, "चलो ना जी अब! सोने दो उसको."

हनीफभाईंनी एक पाय रिक्षात ठेवला होता. त्यांनी तो काढून घेतला.

"अहो हनीफभाई!" मी ओरडलेच. "वेळ काय, तुम्ही करताय काय?"

"दोन मिनिटं, मॅडम. तिले मीच सांगतो."

ते आत गेले. मी रागानं त्यांच्यामागे गेले. त्यांनी झोयाला उचलून बसवलं, तिच्या तोंडावरून ओला हात फिरवला. ती डोळे चोळत होती. ते तिच्यासमोर उकिडवे बसले.

"बेटा, अम्मी दवाखान्यात चालली. तिचं पोट दुखून राह्यलं, कारन लेकरू येऊन राह्यलं. मी संग चाललो. तू काकूकडे राहा. आज रात्री मी येनार नाई. उद्या सकायी येतो, तुह्या चहा-टोस्टच्या टायमाले. समजलं?"

झोयानं मान डोलावली. "माही पिशवी कुठी हाय?" तिनं विचारलं.

पिशवी तिला सापडली. हनीफभाईंना चप्पल सापडली नाही. ते अनवाणीच गेले.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, बाळ आडवं आहे, ऑपरेशन लागेल, वाशीमला न्या. संध्याकाळी हनीफभाईंचा फोन आला. आवाज असा, की आधी मला काही समजलंच नाही. मग समजलं. मुलगी झाली. दोघी ठीक. मी तिथंच उड्या मारल्या, वेदूनं कारण न समजता उड्या मारल्या, सासूबाईंनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. झोयाला सांगितलं तर तिनं विचारलं, "मुलगी? मंग टोपडं तेच चालीन."

फोन ठेवण्याआधी मी म्हटलं, "आता सकाळी धावपळ करू नका. तासभराचा प्रवास आहे. झोया मजेत आहे, मी सांभाळते."

"टोस्टच्या टायमाले येतो," ते म्हणाले.

सकाळी झोया दारातच बसली, समोर चहाची बशी. आठ वाजून गेले. मी मनात वाक्य तयार करत होते, अब्बूला उशीर झाला, बस मिळाली नसेल, वगैरे. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हनीफभाई दिसले. पायात कुणाच्या तरी मोठ्या स्लिपर, दाढी वाढलेली, डोळे लाल. चालत नव्हते, पळत होते.

झोयानं वर पाहिलं. "आला," ती म्हणाली आणि टोस्ट पुन्हा चहात बुडवला. जणू सूर्य उगवल्याची नोंद केली. त्यापेक्षा जास्त आश्चर्य तिला वाटलं नाही.

मोबाइलवर फोटो पाहिला. "हे लाल काहून हाय?"

"नवं हाय बेटा."

मग झोया आणि वेदू फोटो घेऊन सासूबाईंना दाखवायला आत गेले आणि मी हनीफभाईंच्या हातात चहा दिला. साडेनवाच्या बसनं त्यांना परत जायचं होतं. पाऊण तासासाठी एवढा आटापिटा! मी तसं म्हटलं. नसीमभाभी तिकडे एकट्या, तुम्ही रात्रभर जागे. पोरगी तर काही बोलली नसती.

"बोलली नसतीच," हनीफभाई म्हणाले. "लेकरू बोलत नाई, मॅडम. मीबी नाई बोललो."

चहा थंड होत होता. ते ओट्याच्या कडेला बसले होते, नजर समोरच्या रस्त्यावर.

"मी चार वर्सांचा होतो. अब्बानं मले एसटीत बसवलं, म्हने, चाल, मामूकडे मेडशीले जाऊ, भजे खाऊ. मले लय आनंद झाला. मेडशीले उतरलो. मामू आला होता घ्याले. अब्बा म्हने, तू थांब, भजे आनतो. मी मामूचं बोट धरून थांबलो." ते थोडं हसले. "भजे काही आले नाई. बस निघून गेली, अब्बा त्याच बसमंधी बसून परत गेले."

"आणि आई?"

"आदल्या दिवशी गेली होती. बायंतपनात. लेकरूबी गेलं. मले कोनी सांगतलंच नाई. मामूच्या घरचे म्हनत, अम्मी गावाले गेली. मी रोज स्टँडवर जाऊन उभा राहो. एसटीतून कोनी बाई उतरली का तिच्या तोंडाकडे पाहो. लय दिवस पाह्यलं. दुसरीत होतो तवा शायेतल्या एका पोट्ट्यानं सांगतलं का तुही माय तं मेली हाय."

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले.

"अब्बाचा दोष नाई मॅडम," ते घाईनं म्हणाले, जणू मी त्यांना बोल लावणार होते. "चांगला मानूस होता. त्याच्यानं सांगनं झालं नाई. रडला असता तो माह्यासमोर. त्याले वाटलं, न सांगता गेलं तं लेकराले कमी दुखते." त्यांनी चहा एका घोटात संपवला. "काल रिक्षात पाय ठेवला, अन् मले वाटलं, मी अब्बासारखाच निघून चाललो."

मग ते एकदम उठले, चेहऱ्यावर पाणी मारलं आणि "झोया! चाल, मले बसमंधी बसवून देतं का?" अशी हाक मारली.

आम्ही चौघं बसस्टँडवर गेलो. रविवार असला तरी गर्दी होती. बस लागलेलीच होती. हनीफभाईंनी झोयाला खाली बसून सगळं पुन्हा सांगितलं, अम्मीला पाच दिवस लागतील, मी रोज सकाळी येईन, रोज साडेनवाला जाईन, शुक्रवारी सगळे घरी येतील. झोयानं बोटांवर मोजलं. मग ते खिडकीजवळच्या सीटवर बसले.

बस सुरू झाली. कंडक्टरनं दार ओढलं. झोया माझं बोट धरून हात हलवत होती. वेदूही हलवत होता. आणि खिडकीत हनीफभाईंचा चेहरा असा काही झाला, की मी पटकन दुसरीकडे पाहिलं.

झोयानं मात्र पाहिलं. "काकू, अब्बू काहून रडून राह्यला?"

मी म्हणणार होते, रडत नाहीत गं, डोळ्यात कचरा गेला. तोंडापर्यंत आलंही होतं. "तुला सोडून जायचं त्यांना आवडत नाही, म्हणून," मी म्हटलं.

झोयानं एक क्षण विचार केला. मग माझं बोट सोडलं, हळूहळू वळणाऱ्या बसच्या बाजूनं चार पावलं पळाली, आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"अब्बू! रडू नोको! मी काकूकडेच हाव! मी कुठीच नाई चालली!"